आमच्या वन्सं चित्र काढताना कुठे बघतात

आमच्या वन्सं, म्हणजे माझ्या यजमानांच्या धाकट्या भगिनी, माणसांची चित्रे काढतात. माणसाला समोर खुर्चीवर बसवून, तैलरंगात, कॅनव्हासवर. तरुणपणापासून त्यांचा हाच व्यवसाय आहे. यजमान गेल्यापासून घरात आम्ही दोघीच असतो. मला लिहिता येऊ लागले ते उतारवयात, प्रौढांच्या वर्गात. माझी वाक्ये सावकाश चालतात, ती वाचकांनी सांभाळून घ्यावीत.

वन्संच्या दृष्टीविषयी आधी नीट सांगितले पाहिजे. त्या पूर्ण आंधळ्या नाहीत. त्यांच्या दोन्ही डोळ्यांचा मधला भाग निकामी झाला आहे. ज्या वस्तूकडे त्या सरळ पाहतात, नेमका तिच्यावरच धुरकट डाग येतो, आणि त्या डागाच्या कडेकडेने बाकीचे जग दिसत राहते. हे बरे होणार नाही आणि पूर्ण अंधारही होणार नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. दवाखान्यातून परतताना वन्सं एवढेच बोलल्या, "म्हणजे अर्धवटच ठेवलंय मला."

पुढे त्यांनी स्वतःची अशी एक रीत बसवली. समोरच्या माणसाचे नाक पाहायचे असेल, तर त्या त्याच्या कानापलीकडे, भिंतीकडे नजर लावतात. मग डाग भिंतीवर जातो आणि नाक मोकळे होते. रंग लावताना मात्र त्या कॅनव्हासच्या इतक्या जवळ जातात, की त्यांच्या नाकाला रंग लागतो. आज नाक निळे आहे, असे मी सांगितले, की सावली निळीच असते, असे उत्तर मिळते. रंगांच्या नळ्या ठरलेल्या क्रमाने मांडलेल्या असतात, आणि मी त्या न हलवता धूळ पुसायला शिकले आहे. एवढे करूनही दुपारपर्यंत त्यांचे डोके ठणकू लागते. मग त्या डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडून राहतात, आणि मी स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज होऊ देत नाही.

दृष्टीची ही गोष्ट आम्ही बाहेर कुणालाही कळू दिली नव्हती. नाक्यावर एक फ्रेमवाला आहे. लोक त्याच्याकडे फोटो मढवायला येतात, आणि कुणाला हाताने काढलेले चित्र हवे असेल, तर तो त्यांना आमचा जिना दाखवतो. वन्संचे सारे काम त्याच्याकडूनच येते. त्याला कळले, तर हा जिना कुणी चढणार नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

अडचण वेगळ्याच बाजूने आली. समोर बसलेल्या माणसाला वाटे, ही बाई माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघते आहे, तर तिथे काहीतरी असणार. मग तोही हळूच तिकडे वळून बघे. वन्संनी टोकले, की तो मान सरळ करी, पण डोळे भिंतीकडे राहतच. वन्सं जे दिसेल ते प्रामाणिकपणे रंगवीत. त्यामुळे त्यांच्या चित्रांतली सगळी माणसे बाजूला बघू लागली.

दोन चित्रे परत आली. दुसरे घेऊन फ्रेमवाला स्वतः वर आला आणि ते भिंतीला टेकवून सांगू लागला. काम झकास आहे, पण गिऱ्हाईक बाईंचे म्हणणे असे, की नवऱ्याने जन्मभर त्यांच्याकडे पाहिले नाही, निदान चित्रात तरी पाहायला हवे होते. आम्ही हसलो. तो हसला नाही. आणखी एक चित्र असे परत आले, तर पुढे माणसे पाठवणे त्याला जमणार नाही, असे त्याने अगदी अदबीने सांगितले.

त्यानंतर जे गृहस्थ आले, ते निवृत्त बसचालक होते. त्यांच्या मुलीला चित्राची हौस होती. त्यांना स्वतःला मुळीच हौस नव्हती. खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी पाय असे ठेवले, जणू खाली ब्रेक आहे. वन्संनी त्यांच्या कानापलीकडे नजर लावली. त्यांनी मान वळवली. वन्संनी समोर बघायला सांगितले. त्यांनी बघितले, आणि पुन्हा वळले. पुढच्या बैठकीलाही तेच झाले. त्याच्या पुढच्या बैठकीला ते उठलेच, भिंतीजवळ गेले, हात फिरवून ओल आहे का पाहिले, आणि पाल वगैरे काही नाही असे मला सांगून परत येऊन बसले. मी चहाचा कप घेऊन उभी होते. मला हसू आवरत नव्हते, पण वन्संच्या हातातला ब्रश खाली आलेला पाहिला आणि माझे हसू गेले.

संध्याकाळी भाजी निवडताना मी म्हटले, की त्यांना खरे ते सांगून टाकावे.

"वहिनी, आंधळीकडून स्वतःचं तोंड कोण काढून घेईल?"

"तुम्ही आंधळ्या नाही."

"ते तुम्हाला माहीत आहे. लोकांना एवढं सगळं कोण समजावणार? मला आता समजावायचाही कंटाळा आलाय. चित्राने मी दमत नाही हो. हे लपवण्यानेच दमते."

पुढच्या बैठकीला गृहस्थांनी तिसऱ्यांदा मान वळवली, तेव्हा वन्संनी ब्रश बाजूला ठेवला, हात पुसले आणि शांतपणे सांगितले, "मी तुमच्याकडे बघते, तेव्हा तुम्ही मला दिसत नाही. भिंतीकडे बघते, तेव्हा दिसता. भिंतीवर काही नाही."

ते हळहळतील असे मला वाटले होते. ते चिडले.

"मग इतके दिवस माझी मान का मोडलीत? पहिल्याच दिवशी सांगायचं!"

मग त्यांनी तेच केले, जे असे ऐकल्यावर कुणीही करील. त्यांनी बोटे उभी धरली आणि ती किती आहेत, असे विचारले.

"मोजून हवी असतील, तर बाजूला धरा," वन्सं म्हणाल्या.

त्यांनी हात बाजूला नेला. वन्संनी बरोबर सांगितले. गृहस्थांनी हात मांडीवर ठेवला आणि त्यानंतर ते असे सरळ बघत बसले, की पापणीही क्वचितच हलली. इतकी वर्षे कुणी काहीही बोलले तरी रस्त्यावरून नजर न काढणे हेच त्यांचे काम होते. फक्त नजर कुठे ठेवायची, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवे होते.

चित्र पुरे व्हायला बरेच दिवस लागले. डोळे वन्संनी सर्वांत शेवटी रंगवले, आणि ते झाल्यावर मला हाक मारली. मला चित्रातले काही कळत नाही, असे मी म्हणाले. कळायला नकोच, फक्त उभ्या राहा, असे त्या म्हणाल्या.

"डोळे जागेवर आहेत, ते मला माहीत आहे. पण ते समोरच्याकडे बघतात का, ते मला कळायचं नाही. मी त्यांच्याकडे बघायला गेले, की तेच पुसले जातात, आणि कडेने बघितलं तर इतकं बारीक दिसत नाही. तुमच्याकडे बघतात का, सांगा. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

मी समोर उभी राहिले. मग खिडकीकडे सरकले, मग दाराकडे. गृहस्थ माझ्याकडे थोडेसे वैतागून बघत होते, अगदी खुर्चीत बसत तसेच.

"बघतात," मी म्हटले. "आणि वैतागलेत."

वन्सं स्टुलावर बसल्या. आनंद झाल्याचे काही दिसले नाही. ओझे खाली ठेवल्यावर माणूस जसा नुसता बसतो, तशा त्या बसल्या. नाकाला तपकिरी रंग लागला होता. तो मी पदराने पुसला, तेव्हा त्यांनी नेहमीसारखी मान मागे घेतली नाही.

ते चित्र परत आले नाही. परंतु गृहस्थ बोलके निघाले. फ्रेम करायला दुकानात गेले, तेव्हा त्यांनी सगळी हकीकत, बोटांसकट, फ्रेमवाल्याला सांगितली. तो त्याच दिवशी वर आला.

"ताई, हे मला आधी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं, तर माणसं पाठवली असती का?"

त्याने खोटे बोलायचे टाळले आणि तो जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, की आता माहीत झाल्यावर तो कुणाला फसवून पाठवणार नाही. जो येईल, त्याला आधी कल्पना देईल. मग ज्याची मर्जी असेल तो येईल. वन्संनी होकार दिला. नीट सांगा, एवढेच त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांवर रुमाल ठेवायला आत गेल्या.

आता काम कमी येते. जो कुणी येतो, त्याला फ्रेमवाल्याने काय सांगितले असेल, याचा भरवसा नसतो, म्हणून दारातच मी पुन्हा सांगते. त्या भिंतीकडे बघतील, तुम्ही त्यांच्याकडे बघा. काही जण मान डोलावतात आणि आत येऊन बसतात. काही जण फोन आल्याचे निमित्त करून जिना उतरतात. आतून वन्सं विचारतात, "बसले का हो?" आणि जिन्यावरची पावले ऐकू येईनाशी होईपर्यंत मी उत्तर देत नाही.