खुरसाजवळचे चणे

वेंगुर्ल्याच्या त्या वाडीत खुरसाजवळची, म्हणजे क्रुसाजवळची, लदीन म्हणायची ती इनास फर्नांडिसनेच, हे ठरून गेलेलं. मे महिन्यात खुरसाला फुलं घालून वाडी जमायची, लदीनची प्रार्थना गाऊन झाली की यजमान उकडलेले चणे वाटायचा. हिंदू-मुसलमान शेजारीही ओंजळ पुढे करत. इनासचा आवाज खणखणीत, आणि त्याला त्याचा थोडा ताठाही होता, खोटं कशाला बोला.

त्याची थोरली विधवा बहीण रोजालीन अलीकडे बांद्याच्या एका नव्या ख्रिस्ती मंडळीत जाऊ लागली होती. तिथली शिकवण वेगळी. देव एकच, तो बाप. येशू त्याचा पुत्र, पण देव नव्हे. पवित्र आत्मा म्हणजे देवाची शक्ती. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातली लोखंड-मातीच्या पायांची मूर्ती म्हणजे आजची सरकारं, आणि ती आता कोसळणार. इनासचे पाद्री सांगत, त्या मूर्तीतली राज्यं कधीच मातीत गेली, देवाचं राज्य येशूबरोबरच सुरू झालं. यावरून भावंडं हमरीतुमरीवर येत. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच कसा, असं बहिणीने विचारलं की इनासची गाडी अडायची. मग तो नुसता आवाज चढवायचा.

यंदा यजमान इनासच होता. रोजालीन आली, पण प्रार्थनेत न मिसळता दगडी गडग्याबाहेर उभी राहिली. आईच्या वेळेपासून हे चणे तिने कधी चुकवले नव्हते. गाणं संपल्यावर ती आत आली आणि तिने ओंजळ पुढे केली. इनासने भरलेली मूठ तशीच आवळून धरली.

"आधी खुरसाची खूण कर, बाय. बाप, पुत्र, पवित्र आत्मो म्हण. मगे चणे."

सगळी वाडी बघत होती. रोजालीनने हात खाली घेतले आणि घरची वाट धरली. आपण जिंकलो, असं इनासला वाटलं. तीच मूठ त्याने तिच्या मागे उभ्या असलेल्या मेहबूबच्या, आपल्या जुन्या शेजाऱ्याच्या, ओंजळीत रिकामी केली.

"माका काय्येक इचारलंस नाय रे," मेहबूब हळूच म्हणाला.

इनासचं तोंड उतरलं. उरलेले चणे त्याने मान वर न करता वाटले. घरी गेल्यावर त्याला स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चण्यांचा डबा घेऊन तो बहिणीच्या दारात उभा राहिला. माफीचे शब्द जुळवून आणले होते, पण त्याने नुसता डबाच पुढे केला. रोजालीनने डबा घेतला.

"जेवलंस?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दोन ताटं वाढली. मग डोळे मिटून, येशूच्या नावाने, बापाची प्रार्थना केली. डोळे उघडले तरी तिने घास घेतला नाही.

"जेव मां, बाय."

"तुझी प्रार्थना होवंदे. खुरसाची खूण केल्याशिवाय तू जेवणस नाय, माका ठावक आसा. मी थांबतंय."

इनासने हात कपाळाकडे नेला. सगळ्या वाडीला पुरणाऱ्या आवाजाचा तो आज पुटपुटतच "बाप, पुत्र..." म्हणू लागला. ताटातलं कालवण निवत चाललं होतं, आणि रोजालीन हात मांडीवर ठेवून थांबली होती.