उजिता म्हणजे काय?

बंगल्याच्या बाईनं चहाचा ट्रे माझ्या हातातनं घेतला न्हाई. पुण्याच्या पाहुण्यांसमोर मला तसंच उभं ठेवलं आन् म्हणाली, "हिच्या मुलीचं नाव ऐका. सांग गं."

मी म्हणलं, "उजिता."

सगळे हसले. एकानं विचारलं, "अर्थ काय?"

"असा शब्दच नाही मुळी," बाई म्हणाली. "आमच्याकडची सुनीता, अनिता ऐकून काहीतरी जोडलंय. बुधवारी झाली ना? मी बुधीच म्हणते."

पोरगी दाराआड उभी व्हती. सहा वर्सांची. सगळं ऐकत व्हती.

अर्थ व्हता. मी चहाचे कप वाटत गेले.

आमी डोंगरातल्या वाडीवरची. मी रोज खाली लोणावळ्यात उतरायची, बंगल्यावर भांडी घासायला. आमच्यात पोर ज्या वारी झालं त्यो वार त्याचं नाव. माझं वाराचं, आईचं वाराचं. दोन पोरं जलमताच गेली, तिसरी ही. रडली तवा फटफटत व्हतं. सुईण म्हणाली, "उजाडलं बग." त्या उजेडाला मी बंगल्यातल्या नावांचं शेपूट लावलं. व्हय, ऐकूनच लावलं. पर असं नाव आख्ख्या मावळात कुणाचं नव्हतं. वार न्हाई, देव न्हाई, कुणाची उतरलेली साडी न्हाई. कोरं. लय आवडलं मला.

जूनमधी तिला शाळेत घालायला गेले. बाईनं चिठ्ठी दिलती. गुरुजींनी ती बघून रजिस्टरात ल्हिलं, वाचलं, "बुधी." आन् अंगठ्यासाठी शाईची डबी पुढं सरकवली.

पोरीनं मान खाली घातली.

"खोडा," मी म्हणलं.

"अगं, बाईंनीच लिहून दिलंय."

"बाईनं जलम न्हाई दिला तिला. उजिता ल्ह्या."

"अर्थ काय त्याचा?"

"उजेड घिऊन आली ती. नाव मी केलंय."

"उद्या बाईंना विचारून ये."

मी हात पाठीमागं घेतला. हलले न्हाई. मागं माणसं खोळंबली, कुणी वरडलं. शेवटी गुरुजींनी खोडलं, वर दुसरं ल्हिलं. मला वाचता येत न्हाई. मागच्या माणसाकडनं ते वाचून घेतलं, मगच अंगठा दिला.

बाईला कळलं. "शेफारलीस," म्हणाली. काम गेलं. आता घाटात खडी फोडते. हाताला घट्टे पडलेत.

पडू देत. उद्या पोरीला पोरं व्हतील. त्यांची नावंबी आमीच करू. कुणाच्या दारात विचारायला जाणार न्हाई.