पहिला प्रश्न घरच्या माणसाचा

डिझायनर माणसाकडे कामापेक्षा किस्से जास्त साठतात, असं माझं मत झालंय. काम क्लायंटच्या ताब्यात जातं आणि काही दिवसांनी कुणीतरी दुसरा येऊन ते बदलूनही टाकतो. किस्से मात्र आपल्याकडेच राहतात. शिवाय ते कुणी 'जरा अजून एक ऑप्शन द्या ना' म्हणून परत पाठवत नाही!

आमचे बहुतेक किस्से एकाच हॉलमधले आहेत. नाशिकला कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत योगेशच्या मेव्हण्याचं सायकलचं दुकान आहे, त्याच्या वरचा हॉल. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही वेबसाइटवाले तिथे जमतो. एकजण आपल्या कामाबद्दल बोलतो, बाकीचे ऐकतात, मग मिसळ. पूर्वी मिसळ आधी असायची. पण तर्रीवर ताव मारून माणूस पंख्याखाली बसला की पाचव्या स्लाइडलाच त्याचे डोळे मिटायचे. मिसळ शेवटी नेली, तेव्हापासून लोक जागे राहतात आणि भाषणंही वेळेत संपतात.

*

योगेश आमच्यातला सीनियर. रंग आणि अक्षरं ह्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा, निदान त्याला तरी तसं वाटतं. एकदा तो रंगात येऊन बोलत होता आणि वैशालीवहिनी, म्हणजे त्याची बायको, घराची किल्ली न्यायला आल्या. दारातच उभ्या राहून ऐकू लागल्या. योगेशचं 'यूजर जर्नी' आणि 'व्हिज्युअल हायरार्की' चालू होतं, आम्ही माना डोलवत होतो.

निघताना वहिनी शांतपणे म्हणाल्या, "जे सगळ्यांना आधीच माहीत आहे, तेच तुम्ही इथे जमून एकमेकांना इंग्रजीत सांगता का?"

त्याच दिवशी नियम झाला. जो बोलेल त्याने घरचं एक माणूस आणायचं, ह्या धंद्यातलं काहीही न कळणारं. भाषण संपलं की पहिला प्रश्न त्या माणसाचा. आणि एकच, नाहीतर मिसळ गार होते!

*

पहिला बळी अमोल. त्याने आईला आणलं. विषय होता मोकळी जागा. पानावर सगळं कोंबू नका, श्वास घ्यायला जागा ठेवा, जिथे काही नाही तिथेच नजर विसावते, असं तो फार सुंदर बोलला. खरंच सुंदर बोलला, मीसुद्धा भारावलो होतो.

त्याच्या आई पदर सावरत उठल्या. "अमोल, एवढी मोकळी जागा ठेवता येते तुला?"

"हो आई, तेच तर काम आहे माझं."

"मग तुझ्या खोलीत का नाही ठेवत?"

*

पुढच्या वेळी अमोलने आईला घरीच ठेवलं आणि विंचूरच्या काकांना आणलं. काका कांद्याचे व्यापारी. अमोलने त्यांच्या एका ओळखीच्याचीच वेबसाइट केली होती, तीच पडद्यावर दाखवली. साइट उघडली की आधी एक चौकट यायची, 'आपला मोबाइल नंबर द्या'. ती बंद केली की मग कांदा!

काका म्हणाले, "आमच्याकडं माणूस आला का आधी त्याला पाणी इचारतो आम्ही. तुम्ही दारातच नंबर मागता राव!"

अमोलही काही कमी नाही. "काका, नंबर तर तुम्ही पण घेताच की!"

"घेतो ना! पण पाणी पिल्यावर."

दुसऱ्या दिवशी अमोलने ती चौकट पानाच्या तळाशी नेली. काकांना मात्र अजून सांगितलेलं नाही, कारण सांगितलं तर ते दर महिन्याला येतील.

*

योगेशची पाळी आली तेव्हा वहिनी रीतसर पहिल्या रांगेत बसल्या. योगेशने पडद्यावर दोन निळे चौकोन लावले आणि त्यांच्यातल्या फरकावर तो बोलत राहिला. एक निळा विश्वास देतो, दुसरा जरा अंतर राखतो. मला विचाराल तर मला दोन्ही सारखेच दिसत होते, पण हे कबूल करायची ती जागा नव्हती.

वहिनी उठल्या. "ह्या दोन निळ्यांतला फरक तुम्हाला इतका बारीक दिसतो, तर मेथी सांगितली की दर वेळी पालक कसा येतो घरात?"

योगेशने खरोखर विचार केला आणि गंभीरपणे सांगितलं, "हिरव्यात माझा तितका अभ्यास नाही."

*

मी माझ्या मामाला आणलं. मामा नामपूरचा, अहिराणी बोलणारा, आणि मोठ्याने बोलणारा. मी विषय घेतला होता, कल्पना सुचतात कशा. सांगितलं, की स्क्रीनसमोर बसून काही सुचत नाही. सुचतं ते आंघोळ करताना, गंगापूर रोडला सिग्नलवर थांबल्यावर, भाजी निवडताना. मन मोकळं असलं पाहिजे वगैरे. लोक लिहून घेत होते. मी मनातून खूश.

मामाला बोलवायची गरजच पडली नाही, बसल्या जागेवरूनच त्याचा आवाज आला.

"आख्खं न्हानीमा सुचस, मंग हापीसमा तू काय करस?"

अहिराणी न कळणारेही हसले, त्यावरून काय ते समजा. मी पुढे बरंच बोललो, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

*

आता प्रज्ञाचं सांगतो. प्रज्ञा माझी भागीदार, आमच्या छोट्या स्टुडिओतलं खरं काम तीच करते. पण ती आपली पाळी सारखी पुढे ढकलायची. कारण होतं तिचे बाबा.

बाबा नाशिकरोडला राहतात. सरकारी कचेरीत क्लार्क होते, सगळी नोकरी खिडकीवर गेली. मुलीने अधिकारी व्हावं हा त्यांचा एकमेव हट्ट. स्पर्धा परीक्षांमध्ये तिची पोस्ट थोडक्यात हुकली, मग ती माझ्याबरोबर कामाला लागली, आणि तेव्हापासून घरात ह्या कामाचा विषय निघत नाही. शेजाऱ्यांनी विचारलं तर बाबा म्हणत, "सध्या घरीच आहे." आता वयाप्रमाणे शेवटची संधी उरली होती. बाबांनी पुण्याचा क्लास ठरवला, आत्याकडे राहायची सोय केली. प्रज्ञा कधी वडिलांचा शब्द मोडत नाही. ती हो म्हणाली.

जायच्या आधीच्या रविवारी तिने पाळी घेतली, आणि माणूस म्हणून बाबांनाच आणलं. मला फार वाईट वाटत होतं. भागीदार जाणार म्हणून तर होतंच, पण तिला ज्यात आनंद होता ते तिच्या हातून सुटत होतं म्हणून जास्त.

बाबा इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हाताची घडी घालून बसले होते. प्रज्ञाने एका डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट दाखवली. आधी त्या साइटवर सगळ्यात वर ट्रस्टींचा फोटो होता, सत्काराचा हार गळ्यात घातलेला. डॉक्टर कोणत्या दिवशी येतात, ते कुठेतरी खाली. प्रज्ञा तिथल्या बाकावर जाऊन लोकांशी बोलत बसायची. पेठ तालुक्यातून एक बाई सासूला घेऊन एसटीने आल्या होत्या, मोतीबिंदूसाठी. चुकीच्या वारी आल्या होत्या, आणि ती त्यांची पहिली चूक नव्हती. प्रज्ञाने सगळं पान बदललं. आता मोबाइलवर उघडलं की पहिली ओळ, आज कोणते डॉक्टर आहेत. ट्रस्टी म्हणाले, "आणि माझा फोटो?" प्रज्ञा म्हणाली, "आहे ना सर, पण लोक डॉक्टरांना शोधतायत!"

सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

भाषण संपलं. योगेशला अक्षरांच्या जाडीबद्दल विचारायचं होतं, पण नियम म्हणजे नियम. सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा उठले, शर्ट नीट केला, आणि खिडकीवर आलेल्या माणसाशी बोलावं तसं सरळ विचारलं, "त्या बाईंच्या सासूचं ऑपरेशन झालं का?"

हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

"झालं, बाबा," प्रज्ञा म्हणाली. "मी फोन केला होता त्यांना. दिसतंय आता."

बाबांनी आता खाली बसायला हवं होतं. बसले नाहीत. पडद्यावरची ती पहिली ओळ वाचत उभे राहिले. एकच प्रश्न, हा नियम त्यांना सांगायची कुणाची हिंमत झाली नाही.

मग ते प्रज्ञाकडे वळले आणि जरा चिडूनच म्हणाले,

"मग तू पुण्याला कशाला चाललीस?"