भामाच्या दहाव्याचं भाषण

सुकापुरात कोणी गेलं की घरचे दोन निरोप धाडायचे, एक भटजींना आणि एक काशिरामनानांना. दहाव्याला भटजी पिंड मांडायचे आणि त्याला कावळा शिवेपर्यंत गाढी नदीच्या घाटावर श्रद्धांजलीचं भाषण करायचं ते नानांनी. ग्रामपंचायतीतला साधा शिपाई, पण भाषणाला उभा राहिला की पुढारी झक मारायचे. पुढारी काय, 'समाजाची मोठी हानी झाली' म्हणायचे आणि गाडीत बसायचे. नानांकडे गेलेल्या माणसाची एकच गोष्ट असायची, पण ती काळजात घुसायची.

रामू दारुड्या गेला तेव्हा लोक मनातून सुटलोच म्हणत होते. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "किती बी पिऊन आला तरी रामू चपला गल्लीच्या तोंडाशी काढून हातात घ्यायचा. पोरांची झोप मोडू नये म्हणून." तोवर डोळ्यांतून टिपूस न काढलेली रामूची बायको तिथं हंबरडा फोडून रडली.

आता खरं सांगायचं तर हा सगळा कारभार म्हणजे आयत्या बिळावर नागोबा! गोष्टी असायच्या भामाच्या, नानांच्या बायकोच्या. निरोप आला की नाना ओट्यावर वही घेऊन बसायचे आणि आत हाक मारायचे, "भामा गो, कसा होता तो?" भामा मासळी साफ करता करता जरा थांबायची आणि सांगायची. अख्ख्या गावातल्या बाया तिच्यापाशी मन मोकळं करायच्या, तिला काय माहीत नसायचं? नाना लिहून घ्यायचे, घाटावर बोलायचे, पाठीवर थाप घेऊन घरी यायचे. "कसा झाला भाषण?" भामा विचारायची. "झाला बरा," नाना म्हणायचे आणि जेवायला बसायचे. तुझ्यामुळं झाला, असं म्हणायला जीभ कधी वळली नाही मेली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी तांदूळ निवडता निवडता भामा ओट्यावरच कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

नवव्या दिवशी संध्याकाळी नाना वही घेऊन ओट्यावर बसले. वर तारीख घातली, खाली भामाचं नाव लिहिलं. आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "भामा गो, कशी होती ती?"

आतून सून बाहेर आली, निशा. तिनं ऐकलं होतं, पण पोरगी शहाणी, उद्याचाच विषय काढला. "बाबा," ती म्हणाली, "उद्या पिंडापाशी आईंच्या आवडीचं ठेवायला लागेल. काय करू?"

"घावनं कर. रोज करायची ती."

"घावनं तुम्हाला आवडतात, बाबा."

"मग वालाचं बिरडं."

"ते यांना आवडतं."

"मग तूच सांग की! बारा वर्सं तिच्यासंगती चुलीशी हायस तू."

निशा रडायलाच लागली. "मला नाही हो माहीत. सगळ्यांचं झालं की उरेल ते घ्यायच्या."

भामाला जेवताना आपण शेवटचं कधी पाहिलं, तेही नानांना आठवेना. उठले आणि तडक शेजारी सखूबाईकडे गेले. भामाची ही जिवाभावाची मैत्रीण, रोज दुपारी दोघी एकत्र बसायच्या. "सखू, तिला काय आवडायचा गो? तुला बोलली असंल."

सखूबाईनं बराच वेळ आठवून पाहिलं. "नाना, बोलायची मीच," ती म्हणाली. "ती नुसती ऐकायची."

दुसऱ्या दिवशी घाटावर ही गर्दी. भामाचं दहावं आणि बोलणार स्वतः नाना, म्हणजे आज काय ऐकायला मिळेल, म्हणून आसपासच्या गावांतूनही लोक आले होते. काहीतरी ठेवायचं म्हणून निशानं शेवटी घावनंच केली होती. भटजींनी पिंड मांडले, माणसं मागं सरकली आणि नाना उभे राहिले. हातातली वही कोरी होती.

"आजवर तुमच्या माणसांवर मी जे जे बोललो, ते माझा नव्हता," नाना म्हणाले. "रामूच्या चपला मला काय ठावूक? ते हिचा होता. ही सांगायची, मी मिरवायचो. तुमी मला शाबासकी दिलीत, ती मी घरी नेऊन हिला कधी दिली नाय." त्यांनी वही मिटली. "आज हिच्यावर बोलाचा हाय, आणि मला काय बी माहीत नाय. हिला काय आवडायचा, ते पन नाय. तुमच्यात कोनाला माहीत असंल तर सांगा. हात जोडतो."

भामाकडे रडून गेलेल्या बाया तिथं होत्या पन्नास तरी. एकमेकींकडे बघत राहिल्या आणि माना खाली घातल्या.

तेवढ्यात कावळा आला. घिरट्या नाहीत, काही नाही, सरळ उतरला आणि घावनाला चोच लावून उडाला. लोकांनी सुस्कारा सोडला. पुढं बसलेला शैलेश, गावचा सरपंच, उठून नानांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बघा नाना, लगेच शिवला. काकींची काय बी इच्छा राहिली नव्हती."

नानांनी त्याचा हात खांद्यावरून खाली काढला.

"तिला इच्छा कवा कोनी इचारली होती रं?" ते म्हणाले, आणि तिथंच मातीत बसले.