काकांनी सोडवलेलं गाव

फ्रान्समधलं एखादं गाव जगात सर्वांत जास्त वेळा कोणी मुक्त केलं असेल, तर ते आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्याला ते एकदाच जमलं. काका मात्र सात वर्षं दर शुक्रवारी, पोहे आणि दुसरा चहा झाला की, दोह्यातल्या फरीज बिन ओमरानमधल्या आपल्या जेवणाच्या टेबलावर तेच गाव नव्याने सोडवत, आणि तेही फ्रान्सला एकदाही न जाता. गाव नॉर्मंडीतलं. एक चर्च, एक पूल, एक बेकरी आणि मधे चौक, एवढाच त्याचा पसारा. काका या फ्लॅटमध्ये राहायला आले तेव्हा आधीचा फ्रेंच भाडेकरू स्वयंपाकघराच्या खणात एक चाळीस पानी पुस्तिका विसरून गेला होता. गाव कसं मुक्त झालं ते सांगणारी, तिथल्या नगरपालिकेने काढलेली, इंग्रजी भाषांतरासह, नकाशासकट. काकांना छापलेलं काहीही वाचायची सवय. खोकल्याच्या औषधाबरोबर येणारा कागदसुद्धा ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात. ही पुस्तिका त्यांनी तीनदा वाचली आणि त्या गावाशी त्यांची सोयरीकच जमली.

काका मूळचे नाशिकचे. नोकरी नव्या स्टेडियमवर, पण छत, दिवे, खुर्च्या असल्या मिरवायच्या गोष्टींशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांच्याकडे हिरवळीखालचे पाइप होते, पाण्याचा निचरा करणारे. मैदानात पाणी साचलं नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि साचलं तर अख्ख्या जगाच्या लक्षात येतं, असं ते सांगत. फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी तेव्हा सगळं दोहा उकरून ठेवलं होतं. सकाळी ऑफिसला नेणारा रस्ता संध्याकाळी परतताना जागेवर असेलच याची खात्री नसे. आम्ही वैतागत असू. काका मात्र वळसा घालताना खूश असत, कारण त्या गावात शिरतानाही सैन्याला पूल उडवलेला असल्यामुळे असाच वळसा पडला होता. अल अझीझिया भागातल्या एका वाढदिवसाला कुणीतरी ट्रॅफिकवरून कुरकुर केली, तर काकांनी त्याला केक कापून होईपर्यंत पुलाची रुंदी समजावली.

शुक्रवारच्या लढाईत चर्च म्हणजे कॉर्नफ्लेक्सचा खोका आणि पूल म्हणजे झारा. जर्मन सैन्य राजम्याचं, गावकरी काबुली चण्यांचे आणि दोस्त सैन्य शेंगदाण्यांचं. काका विचारात पडले की नकळत दोस्त सैन्य तोंडात टाकत, त्यामुळे कधीकधी गाव मुक्त करायला चारच दाणे उरत. एकदा काकूंकडे अचानक पाहुणे यायचे ठरले आणि त्यांनी आदल्या दिवशी डब्यातली अख्खी जर्मन तुकडी भिजत घातली. दुसऱ्या दिवशी काका रिकामा डबा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. काकूंनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "अहो, ते शरण आलेत," त्या म्हणाल्या, "दुपारी भाताबरोबर आहेत." काकांनी दोनदा वाढून घेतलं, पण जर्मन शरण आले नव्हते, पूर्वेच्या रस्त्याने मागे हटले होते, ही दुरुस्ती त्यांनी पाहुण्यांसमोर केलीच.

दिवाळीत तर विचारूच नका. इमारतीतल्या मुलांना किल्ला हवा असे आणि किल्ला करणार काका. मागच्या अंगणात एसीच्या खोक्यांच्या पलीकडे नर्सरीतून आणलेली माती पडे, तिच्यावर अळीव पेरले जात, रोज मोजून पाणी घातलं जाई आणि लक्ष्मीपूजनापर्यंत तिथे सिंहगड किंवा रायगड न उगवता नॉर्मंडी उगवे. सैनिक मात्र नाशिकहून मऊ धोतरात गुंडाळून आणलेले मातीचे मावळे. पहिल्याच वर्षी पेच आला तो महाराजांचा. महाराजांशिवाय किल्ला होत नाही, असं मुलांचं म्हणणं आणि महाराज पुस्तिकेत नाहीत, असं काकांचं. दोन दिवस त्यांना जेवण गोड लागलं नाही. शेवटी त्यांनी महाराजांना चर्चच्या मनोऱ्यावर बसवलं आणि ते तिथे पाहुणे म्हणून आहेत, असं जाहीर केलं. आमच्या इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार, याला हे नवीन स्टेडियमचं मॉडेल वाटलं. इथे कुठली टीम खेळणार, असं त्याने विचारलं. काका त्याला हिंदीत म्हणाले, "यहाँ मॅच नहीं, लड़ाई है. इन्शाल्ला चार बजे तक खलास." बिचारा संध्याकाळपर्यंत तिथेच पहारा देत बसला.

या चार वाजण्यावर मुलांचा फार राग. झालं होतं असं, की गाव मोकळं झाल्यावर लोकांनी चौकात टेबलं मांडली, लपवून ठेवलेल्या बाटल्या काढल्या, पण सैन्याला हुकूम आला आणि ते चार वाजता पुढच्या गावाकडे निघून गेलं. जेवायला कुणी बसलंच नाही. त्यामुळे दरवर्षी काड्यापेट्यांच्या टेबलांवर चिवडा वाढून झाला की काका घड्याळ बघत आणि मुलांना मावळे उचलायला लावत. आमच्या लेकीने, ईशाने, दोन-तीनदा रडून पाहिलं. काका तिला लाडू देत, पण वेळ बदलून देत नसत. इतिहासात आपली लुडबुड नको, एवढंच म्हणत.

वर्ल्ड कपच्या वर्षी हिरवळ तयार झाली, निचऱ्याची चाचणी झाली, आणि काम संपलं म्हणून काकांची नोकरीही संपली. विमानाचं तिकीट दिवाळीनंतर दहा दिवसांचं. स्पर्धा सुरू व्हायला तेव्हा आणखी दोन आठवडे असणार होते. आपण सात वर्षं जिच्यासाठी राबलो त्या हिरवळीवर चेंडू पळताना एकदा, अगदी वरच्या रांगेत बसून का होईना, बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती. तीही त्यांनी फक्त काकूंना सांगितली आणि काकूंनी मला. आम्ही सगळ्यांनी नाना खटपटी सुचवल्या, पण व्हिसा संपणार म्हणजे संपणार. जिथे कुणी कधी पाइपाला हात लावला नाही अशा आमच्या घरी मॅचची तीन तिकिटं होती. काकांनी त्याबद्दल आमचं मनापासून अभिनंदन केलं. मला फार लाज वाटली.

त्या पाडव्याला गाव नेहमीसारखं सुटलं. टेबलं मांडली, चिवडा वाढला. चार वाजले तसे काका म्हणाले, "यल्ला, चला, उचला." ईशा उठली नाही. ती दोन्ही हात पसरून टेबलांपुढे बसून राहिली. आमची ही मुलगी मराठीत विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर इंग्रजीत देते. त्या दिवशी मात्र ती एकेक शब्द शोधत मराठीत म्हणाली, "काका, त्यांना जेवू द्या ना. सगळं काम त्यांनीच केलं."

चष्मा काढून काकांनी तो सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. काकू गॅलरीतून बघत होत्या. मग काका खाली वाकले आणि एक मावळा टेबलापासून जरा लांब पडला होता, तो त्यांनी जवळ सरकवला.

"बरं," ते म्हणाले, "पुस्तिकेत वेळ चुकली असेल."

दहा दिवसांनी आम्ही त्यांना विमानतळावर सोडून आलो. बॅगा तोलताना ते काकूंशी हुज्जत घालत होते आणि मला मैदान नीट बघा म्हणून बजावत होते. घरी आल्यावर मी मागच्या अंगणात गेले. हारिसने जागा मोकळी करायला सांगितली होती, म्हणून हातात केरसुणी आणि खोका घेऊनच गेले होते. अळीव वाळून गेले होते, चर्च एका अंगाला कललं होतं. चौकात मावळे तलवारी उपसून, उभ्या उभ्या चिवडा खात होते. मी केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली. त्यांना भरल्या पानावरून उठवायला माझं मन धजेना.