झारे उगारलेले अराजकवादी

आमच्या मोरेश्वरने आयुष्यात कुणाला उलटून उत्तर दिलेलं नाही. मॅनेजरने शनिवारी बोलावलं तरी हा 'शुअर' म्हणून निघणार. नागपूरचा माणूस, पण तिखट फक्त भाजीत. अशा माणसाने २००३ च्या गणपतीत अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या आमच्या मराठी मंडळासाठी एकांकिका लिहिली, आणि तीही कुणावर? युक्रेनच्या अराजकवादी शेतकऱ्यांवर! १९१८ साली जर्मन फौज गावात घुसते, आणि राजा नको, सरकार नको म्हणणारी ही माणसं बंदुका उचलतात. सेनापतीसुद्धा हात वर करून निवडतात, नाही पटला तर तसाच काढतात. हे वाचून दाखवताना त्याचे कान लाल व्हायचे. मी लतिका, त्याची बायको, पण हा मोरेश्वर मी पहिल्यांदाच बघत होते.

तालीम आमच्या बॅकयार्डात. प्लायवूडच्या बंदुका मस्त काळ्या रंगवलेल्या. अकला गहाण ठेवल्या होत्या, दुसरं काय! तिकडे इराकचं युद्ध चाललेलं आणि इकडे आम्ही सावळी माणसं बंदुका घेऊन ओरडतोय. शेजारणीने पोलीस बोलावले. त्यांनी बंदुका ठोकून पाहिल्या, हसले आणि गेले. पण व्हिसाच्या भीतीने एका शेतकऱ्याचं काम करणाऱ्या संग्रामने अंग काढून घेतलं, आणि मंडळाचे अध्यक्ष गुरुनाथकाका हादरलेच. गणपतीच्या दिवशी, शाळेच्या हॉलमध्ये आरती झाल्याझाल्या त्यांनी माइकवरून जाहीर केलं, की नाटक कॅन्सल, अंताक्षरी होईल.

माझं डोकंच फिरलं. मी उठणार तेवढ्यात मोरेश्वर उठला. काकांच्या हातातला माइक त्याने घेतला.

"काका, एकट्याने नाही ठरवायचं. नाटक बघायचंय त्यांनी हात वर करा."

पहिला हात वर झाला तो सुमित्राकाकूंचा, काकांच्याच बायकोचा, आणि त्यात महाप्रसादाचा झारा! मग हॉलभर हात. बंदुका नकोत, एवढं काकांचं ऐकलं. काकूंनी झारे, उलथनी, पळ्या वाटल्या. मग अध्यक्ष हवाय कशाला, म्हणून काका तणतणले. मोरेश्वर म्हणाला, अध्यक्ष नकोच, संग्रामच्या जागी शेतकरी हवाय. काकांनी उपरणं कमरेला बांधलं.

काय रंगलं यार नाटक! आधी लोक हसले, पण जर्मन आत घुसले तसे चिडीचूप झाले. शेवटी सगळे शेतकरी मरतात, असं मोरेश्वरने लिहिलं होतं. तो शेवट म्हणजे त्याचा जीव की प्राण, मी किती सांगून पाहिलं तरी त्याने बदलला नव्हता. सगळे पडले, मोरेश्वरही पडला. काका पडेनात. जर्मन अधिकाऱ्याने पळी रोखून पुन्हा पुन्हा ठो केलं, तरी काका उभेच. मग ते प्रेक्षकांकडे वळले.

"मरायचं की नाही, मत घेऊ. शेतकरी मरायला नकोत त्यांनी हात वर करा."

हॉल उसळला. मेलेल्यांनीही पडल्यापडल्या हात वर केले. फक्त मोरेश्वरचा खाली होता. इतका जीव लावून लिहिलेला शेवट त्याच्या डोळ्यांदेखत जात होता. मग हळूहळू त्याचाही झारा वर आला. तो उठला, हसत होता आणि रडतही होता, आणि असा काही ओरडला, की जर्मन फौज थेट पार्किंग लॉटपर्यंत पळाली.