ताईने विझवलेली समई

अशा सदरांतले अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचले. पिंपळावरची बाई, मागच्या सीटवर बसलेला मेलेला मित्र... भंडाऱ्याच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवतो. रचलेल्या गोष्टींचा पगार घेणाऱ्याने त्या खऱ्या मानू नयेत, हा माझा नियम. तो आजही मोडलेला नाही. तरी हे लिहितो आहे, कारण घडलं ते माझ्याच छातीत.

काही वर्षांपूर्वी मुंबईत माझी बायपास झाली. तेव्हा आमच्याकडे बायपास म्हटलं की लोक हायवेकडे बोट दाखवत. आदल्या दिवशी सर्जन म्हणाले, "हृदय थांबवून बर्फाने गार ठेवतो. डावी बाजू चांगली गार राहते. काळजी आहे ती उजवीची. तुमची उजवी धमनी बंद, गार औषध तिथे नीट पोचणार नाही. शिवाय ती बाजू समोर असते, वरच्या दिव्याखाली तापते. ती रुसली तर फुप्फुसांकडे रक्त ढकलणार कोण?" हे ऐकायला मी आणि माझी बायको, दोघंच होतो.

इकडे भंडाऱ्याजवळच्या शहापूरला थोरल्या ताईच्या घरी ऑपरेशनच्या सकाळी माझ्यासाठी पूजा मांडली होती. भाऊजींनी नागपूरहून महाराज बोलावले होते. महाराज ॲम्बेसेडरमधून उतरले, सोबत स्वतःचं आसन आणि ते उचलायला वेगळा माणूस. माझा फोटो पाटावर, त्याच्यासमोर मोठी समई. ऑपरेशन होईपर्यंत ती विझू द्यायची नाही... आमच्याकडची रीतच आहे ती. विझली तर माणूस गेलाच समजा.

पुढचं भाऊजींकडून कळलेलं. मंत्र चालू असताना ताई एकदम उठली.

"हटवा तो दिवा! त्याच्या उजव्या अंगाले तापून राहिलं!"

"बाई, खाली बसा," महाराज म्हणाले.

"तुमी बसा. भाऊ माहा आहे."

आणि पदराच्या एका झटक्यात तिने समई विझवली. फोटोवर तांब्यातलं गार पाणी ओतलं.

"काय करून राहिली तू? मारतं का त्याले?" भाऊजी ओरडले. ताईची सासू रडायला लागली. महाराज आसनावरून उठले. दोष आता बाईच्या माथी, एवढं मात्र सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. संध्याकाळी पोस्टात मुंबईचा फोन येईपर्यंत त्या घरात कुणी ताईशी बोललं नाही. मी गेलो असतो, तर पुढेही कुणी बोललं नसतं.

मी गेलो नाही. शुद्धीवर आल्यावर सर्जन हसत म्हणाले, "तुमच्या वेळी वरचा मोठा दिवा अचानक गेला. मी कपाळावरच्या छोट्या दिव्यावर काम केलं. बरंच झालं, उजव्या बाजूवरचा बर्फ टिकला. ती मी घाबरत होतो त्यापेक्षा चांगली चालू झाली."

बल्ब जातात. मुंबईतही जातात. हे मी स्वतःला अनेकदा बजावलं आहे. समई विझल्याची आणि तो दिवा गेल्याची वेळ जुळवून पाहिली; सकाळचा तोच सुमार निघाला. नसता निघाला तर मला फार बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर ताईला विचारलं, "उजवी बाजू तुला कुणी सांगितली?"

"कोणं सांगन? मले इथं चटका बसला." तिने छातीवर हात ठेवला. "तू प्रोफेसर आहेस, तूच सांग काहून बसला ते."

महिन्याभराने महाराज पुन्हा ताईकडे आले. पूजा फळली म्हणाले, स्वतःच्या सत्काराचा बेतही सुचवला. ताई दारातच उभी राहिली.

"जगला तं तुमच्यानं, अन् मेला असता तं माह्यानं? जा, आसन उचला."

उचलणारा माणूस सोबत होताच.

मला सुचवलेली स्पष्टीकरणं आजवर पुष्कळ झाली. योगायोग म्हणणारे डॉक्टर, दैवी संकेत म्हणणारे शेजारी... दोघांचेही चेहरे मला फार समाधानी वाटतात. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि उसनं मी घेणार नाही. एवढंच ठाऊक आहे की माझ्यासाठी जन्माचा कलंक घ्यायला त्या घरात एकच माणूस तयार झालं होतं, तेही का ते माहीत नसताना.